सॅकरीनचा शंभर वर्षांचा खटला

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला एक रसायनशास्त्रज्ञ एका संध्याकाळी प्रयोगशाळेतून उशिरा परतला आणि घाईत हात न धुताच जेवायला बसला. पावाचा घास गोड लागला. त्याला वाटलं, पाव नसावा, केक असावा. पाणी प्यायलं तर तेही गोड, आणि मिशा पुसल्या तो रुमाल तर त्याहून गोड. शेवटी त्याने स्वतःचा अंगठा चाखला आणि जेवण अर्धवट टाकून तो प्रयोगशाळेत धावला. टेबलावरच्या एकेका भांड्यातलं रसायन त्याने जिभेला लावून पाहिलं. त्यातलं एकही जहाल निघालं नाही हे त्याचं नशीब. हा कॉन्स्टन्टिन फालबर्ग. ही हकिकत त्यानेच पुढे १८८६ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'ला सांगितली. गोड लागलेलं ते रसायन म्हणजे सॅकरीन. ते डांबरापासून काढलेल्या द्रव्यांवर काम करताना तयार झालं होतं आणि साखरेच्या सुमारे ३०० पट गोड होतं.

कृत्रिम गोडीमुळे आरोग्याला धोका आहे का, हा प्रश्न आज डाएट कोलाचा डबा हातात घेणारा प्रत्येक जण विचारतो. तो नवा नाही. सव्वाशे वर्षांत तो सरकारी कचेऱ्यांत, राष्ट्राध्यक्षांच्या दालनात आणि कायदेमंडळात पुन्हा पुन्हा चर्चेला आला. प्रत्येक वेळी निकाल लागला, पण तो प्रयोगशाळेतल्या पुराव्यावर क्वचितच लागला. त्या त्या वेळी साखर किती महाग आहे, युद्ध चालू आहे का, कोणाचा धंदा बुडतो आहे आणि लोक किती चिडले आहेत, यांनीच निवाड्याचं पारडं झुकवलं.

फालबर्ग ज्या प्रयोगशाळेत काम करत होता, ती प्राध्यापक आयरा रेमसेन यांची. १८७९ मध्ये दोघांच्या नावाने शोधनिबंध निघाला. रेमसेन यांना शुद्ध विज्ञानात रस होता, बाजारात नव्हता. फालबर्ग मात्र मूळचा साखरेच्या पृथक्करणातला जाणकार होता, गोडीची किंमत त्याला बरोबर कळत होती. पदार्थ सुरक्षित आहे का, याची त्याने केलेली चाचणी आज वाचताना अंगावर काटा येतो. त्याने स्वतः १० ग्रॅम सॅकरीन खाल्लं आणि २४ तास वाट पाहिली. काही झालं नाही, जवळजवळ सगळं लघवीवाटे बाहेर पडलं. तेवढं समाधान त्याला पुरलं. त्याने एकट्याच्या नावाने पेटंट घेतलं आणि १८८०च्या दशकात जर्मनीत माग्डेबुर्गजवळ कारखाना काढला. त्याचं नाव आपल्या नावाशेजारी ऐकलं तरी शिसारी येते, असं रेमसेन यांनी पुढे एका पत्रात लिहिलं.

सॅकरीनचा पहिला शत्रू ठरला तो साखर कारखानदार. जर्मनीत बिटाच्या साखरेचा धंदा बलाढ्य होता आणि साखरेवरच्या करातून सरकारची तिजोरी भरत होती. डांबरापासून बनलेली ही स्वस्त गोडी गरिबांच्या घरात शिरली, तर शेतकरी, कारखानदार आणि सरकार तिघांचंही नुकसान होतं. १९०२ मध्ये कायदा झाला आणि जर्मनीत सॅकरीन औषधाच्या दुकानातून, रुग्णांसाठी, एवढंच उरलं. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये मात्र ते खुलेआम बनत होतं. मग झुरिक हे चोरट्या व्यापाराचं मोठं ठाणं झालं आणि कपड्यांत लपवलेली भुकटी सीमेपार जाऊ लागली. या पहिल्या बंदीच्या मुळाशी साखरेचं अर्थकारण होतं, आरोग्याची चिंता नंतर आली.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, आणि तिथला नायक मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो. हार्वे वायली हा कृषी खात्याच्या रसायन विभागाचा प्रमुख होता. त्या काळी अमेरिकेत डबाबंद अन्नात बोरॅक्स, फॉर्मॅल्डिहाइड, सॅलिसिलिक आम्ल असं वाटेल ते घातलं जाई. १९०२ मध्ये वायलीने वॉशिंग्टनमधल्या आपल्या कचेरीच्या तळघरात खानावळ मांडली, तरुण स्वयंसेवक जमवले आणि त्यांना जेवणातून हे पदार्थ मोजून द्यायला सुरुवात केली. रोज त्यांचं वजन व्हायचं, लघवी-शौच तपासलं जायचं. वर्तमानपत्रांनी त्यांना 'विषपथक' असं नाव दिलं. या प्रयोगांनी देश हादरला आणि १९०६ मध्ये शुद्ध अन्न व औषधांचा कायदा झाला. त्यामागे वायलीची वर्षानुवर्षांची झटापट होती.

या कायद्यानंतर थोड्याच काळात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापुढे अन्न कारखानदारांची एक बैठक झाली. वायलीने ती आपल्या आठवणींत तपशिलाने लिहून ठेवली आहे. संरक्षक रसायनांची चर्चा वायलीच्या बाजूने चालली होती. तेवढ्यात न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य जेम्स शर्मन यांनी सॅकरीनचा विषय काढला. त्यांच्या डबाबंद मक्याच्या धंद्यात साखरेऐवजी सॅकरीन वापरल्याने आदल्या वर्षी ४ हजार डॉलर वाचले होते. राष्ट्राध्यक्षांनी काही विचारायच्या आत वायली बोलून गेला. तो मका ज्यांनी खाल्ला ते सगळे फसले, असं तो म्हणाला, कारण साखर समजून त्यांनी डांबराचा पदार्थ खाल्ला, ज्यात अन्नाचा अंश नाही आणि जो प्रकृतीला अत्यंत अपायकारक आहे. रूझवेल्ट एकदम भडकले. त्यांचे डॉक्टर रिक्सी त्यांना रोज सॅकरीन देत होते. ते अपायकारक आहे असं म्हणणारा मूर्खच असला पाहिजे, असं त्यांनी सुनावलं आणि बैठक तिथेच मोडली.

या दोन वाक्यांपाशी थांबायला हवं. वायलीने एका दमात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गिऱ्हाइकाची फसवणूक झाली, हे शंभर टक्के खरं होतं. पदार्थ अत्यंत अपायकारक आहे, याला मात्र त्याच्या हातात पुरावा नव्हता. आणि रूझवेल्ट यांनी जे उत्तर दिलं, ते एका स्थूल माणसाच्या स्वतःच्या अनुभवाचं होतं: मी रोज घेतो, मला काही झालं नाही. पुराव्याआधी दिलेला इशारा आणि स्वतःच्या तब्येतीवरून काढलेला निर्वाळा, हे दोन्ही युक्तिवाद त्या खोलीत समोरासमोर आले ते आजतागायत तसेच चालू आहेत.

वायलीचा वचक कमी करण्यासाठी रूझवेल्ट यांनी तज्ज्ञांचं एक मंडळ नेमलं. त्याच्या अध्यक्षपदी आले ते आयरा रेमसेन, सॅकरीनच्या दोन जनकांपैकी एक. दिवसाला ०.३ ग्रॅमपर्यंत सॅकरीन घेतलं तर अपाय नाही, १ ग्रॅमच्या वर नियमित घेतलं तर पचन बिघडू शकतं, असा निष्कर्ष या मंडळाने काढला. तरीही १९१२ पासून सरकारने डबाबंद अन्नात सॅकरीन घालायला मनाई केली, कारण साखरेच्या जागी ते घातलं की अन्नाचा कस उतरतो. वायलीने फसवणुकीबद्दल जे म्हटलं होतं ते असं मान्य झालं, पण त्याच वर्षी वरिष्ठांच्या कुरबुरींना कंटाळून त्याने राजीनामा दिला.

पुढचं काम दोन महायुद्धांनी केलं. साखर दुर्मीळ झाली आणि युरोपात कालपर्यंत चोरून येणारं सॅकरीन घराघरात पोचलं. सेंट लुईसची मोन्सॅन्टो ही कंपनी १९०१ मध्ये मुळात सॅकरीन बनवायलाच निघाली होती, तिला या टंचाईचा मोठा हातभार लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर गिऱ्हाईक बदललं. आतापर्यंत सॅकरीन घेत होता तो मधुमेही किंवा साखर न परवडणारा माणूस. १९५०च्या दशकात अमेरिकेत साखर मुबलक झाली, पोटं सुटू लागली आणि सडपातळ राहणं हे मध्यमवर्गीय स्त्रीचं जणू कर्तव्य ठरलं. १९५२ मध्ये ब्रुकलिनमध्ये हायमन कर्श यांनी 'नो-कॅल' नावाचं पेय काढलं ते एका रुग्णालयातल्या मधुमेहींसाठी, पण ते विकत घेणाऱ्यांत निरोगी माणसंच जास्त निघाली. मग 'डाएट राइट', १९६३ मध्ये कोका-कोलाचं 'टॅब', पाठोपाठ 'डाएट पेप्सी'. 'स्वीट अँड लो'च्या गुलाबी पुड्या हॉटेलांच्या टेबलांवर आल्या. रोग्याची वस्तू निरोगी माणसाच्या रोजच्या सवयीत गेली. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. रोगी मोजून चार गोळ्या घेतो, निरोगी माणूस तहान लागली की डबा उघडतो, आणि तो वर्षानुवर्षं उघडतो. इतक्या दीर्घ वापराचा परिणाम तेव्हा कोणी तपासलेलाच नव्हता.

या पेयांत सॅकरीनच्या जोडीला सायक्लामेट असे. तेही असंच हाती लागलेलं. इलिनॉय विद्यापीठात १९३७ मध्ये मायकेल स्वेडा या विद्यार्थ्याने टेबलावर ठेवलेली सिगारेट पुन्हा ओठाला लावली तेव्हा ती गोड लागली. दोन्ही मिसळले की सॅकरीनचा कडवट शेवट लपतो. दरम्यान १९५८ मध्ये अमेरिकेच्या अन्न कायद्यात न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य जेम्स डेलनी यांच्या नावाने ओळखलं जाणारं कलम आलं होतं. माणसात किंवा प्राण्यात कर्करोग निर्माण करणारा कोणताही पदार्थ अन्नात घालण्यास सुरक्षित मानता येणार नाही, असं ते कलम सांगत होतं. मात्रा किती, याला त्यात जागा नव्हती. १९६९ मध्ये सायक्लामेट आणि सॅकरीनचं मिश्रण खाल्लेल्या २४० उंदरांपैकी ८ उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या. ऑक्टोबरमध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट फिंच यांनी सायक्लामेटवर बंदी जाहीर केली.

सॅकरीन वाचलं, पण संशय त्याच्यावर सरकला. नवीन पर्याय दाराशी होता: सर्ल या औषध कंपनीत अल्सरच्या औषधावर काम करताना जेम्स श्लॅटरला १९६५ मध्ये बोट चाटल्यावर सापडलेलं अॅस्पार्टेम. त्याला १९७४ मध्ये परवानगी मिळाली. पण मेंदूवरच्या परिणामांबद्दल सेंट लुईसचे संशोधक जॉन ओल्नी यांनी हरकत घेतली, कंपनीच्या चाचण्यांच्या दर्जावर प्रश्न उभे राहिले आणि १९७५ मध्ये परवानगी स्थगित झाली. त्यामुळे १९७७ उजाडलं तेव्हा अमेरिकेच्या बाजारात बिनसाखरेची गोडी एकच उरली होती.

आणि त्याच वर्षी कॅनडातून बातमी आली. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने उंदरांच्या दोन पिढ्यांना सॅकरीन खाऊ घातलं होतं, आहाराच्या ५ टक्के इतकं. नरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या, दुसऱ्या पिढीत जास्त. कॅनडाने बंदी घातली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनापुढे डेलनी कलम उभं होतं. ९ मार्च १९७७ रोजी प्रशासनाने बंदीचा इरादा जाहीर केला.

मग जो उद्रेक झाला त्याची कल्पना अधिकाऱ्यांना नव्हती. लोकांनी दुकानांतून गुलाबी पुड्यांची खोकी उचलून घरी साठा केला. डाएट पेयं बनवणाऱ्यांच्या संघटनेने वर्तमानपत्रांत मोठमोठ्या जाहिराती दिल्या आणि आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहा म्हणून वाचकांना आवाहन केलं. काँग्रेस सदस्यांच्या टेबलांवर पत्रांचे ढीग लागले. मधुमेहींनी विचारलं, आमच्या तोंडची शेवटची गोडी तुम्ही कशाच्या जोरावर काढून घेता? वजनाची काळजी असलेल्या गृहिणींनीही तेच विचारलं. आणि एक आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला: उंदरांइतकं सॅकरीन पोटात जायला माणसाला रोज सुमारे ८०० डबे डाएट सोडा प्यावा लागेल.

हा आकडा ऐकून लोक हसले, आणि त्या हसण्यात खरा मुद्दा वाहून गेला. उंदरांना एवढी मोठी मात्रा का देतात, हे तेव्हा नीट कोणी समजावलं नाही. अमेरिकेची लोकसंख्या त्या वेळी सुमारे २२ कोटी होती. एखाद्या पदार्थाने १० हजारांत एकाला कर्करोग होत असेल, तर देशात २२ हजार माणसं आजारी पडतील. पण शंभर उंदरांवर तेवढ्याच मात्रेने प्रयोग केला तर एकही गाठ दिसणार नाही. म्हणून थोड्या प्राण्यांना मोठी मात्रा देऊन धोका आहे की नाही एवढंच पाहतात, आणि मग माणसाच्या मात्रेचा अंदाज वेगळा बांधतात. पद्धत बरोबर होती. डेलनी कलमाने मात्र दुसऱ्या पायरीला वावच ठेवला नव्हता. सरकारकडे बंदी किंवा मोकळीक, एवढे दोनच पर्याय होते.

काँग्रेसने तिसरा काढला. नोव्हेंबर १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने बंदी १८ महिने पुढे ढकलली आणि प्रत्येक पुडीवर, डब्यावर इशारा छापायला लावला: यात सॅकरीन आहे, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत त्याने कर्करोग होतो असं आढळलं आहे. ते १८ महिने पुन्हा पुन्हा वाढवले गेले. लोक इशारा वाचत राहिले आणि पुड्या फोडत राहिले. या गोंधळाचं एक टोक पाहा: तेव्हा सायक्लामेट अमेरिकेत बंद होतं आणि कॅनडात टेबलावर चालत होतं, तर सॅकरीन कॅनडात बंद आणि अमेरिकेत खुलं होतं. नायगाऱ्याच्या दोन काठांवर दोन वेगळी सत्यं.

उत्तर शोधण्याचं काम मात्र चालू राहिलं, आणि ते सावकाश झालं. १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सॅकरीनला प्राण्यांतला कमजोर कर्करोगकारक म्हटलं आणि माणसालाही धोका असू शकतो असं नोंदवलं. १९८० मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचे सुमारे ३ हजार रुग्ण आणि तुलनेसाठी घेतलेली जवळपास ५ हजार ८०० माणसं यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकंदरीने पाहता कृत्रिम गोडी घेणाऱ्यांत हा कर्करोग जास्त आढळला नाही. पुढे उंदरांचं कोडंही सुटलं. नर उंदराच्या लघवीत प्रथिनं आणि क्षार माणसाच्या मानाने फार असतात. सॅकरीनच्या मोठ्या मात्रेने त्यात सूक्ष्म खडे तयार होतात, ते मूत्राशयाच्या अस्तराला सतत घासतात आणि त्या जखमा भरता भरता गाठी होतात. माणसाच्या लघवीत हे घडत नाही. २००० मध्ये अमेरिकेने सॅकरीनचं नाव कर्करोगकारकांच्या सरकारी यादीतून काढलं आणि वर्षअखेरीस इशाऱ्याची सक्तीही रद्द केली. २३ वर्षं छापलेला मजकूर गेला.

तोवर बाजार पुढे निघून गेला होता. अॅस्पार्टेमला १९८१ मध्ये कोरड्या पदार्थांसाठी आणि १९८३ मध्ये पेयांसाठी परवानगी मिळाली होती, आणि ती देताना प्रशासनाच्या प्रमुखांनी स्वतःच्याच चौकशी मंडळाची शिफारस बाजूला ठेवली होती. त्या निर्णयाबद्दलचा अविश्वास अजून विरलेला नाही. सुक्रॅलोज या आणखी एका कृत्रिम गोडीच्या शोधाशी तर एक ओळखीचं नाव जोडलेलं आहे. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात १९७६ मध्ये प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे भारतीय संशोधक काम करत होते. एक संयुग तपासायला सांगितलं गेलं, त्यांना ते चाखायला सांगितल्यासारखं ऐकू आलं आणि त्यांनी चाखलं. ते साखरेच्या ६०० पट गोड निघालं. फालबर्ग, स्वेडा, श्लॅटर, फडणीस, चौघांनाही गोडी जिभेने अपघाताने सापडली. म्हणजे यातला एकही पदार्थ आरोग्यासाठी घडवलेला नव्हता. आरोग्याचं लेबल त्यांना बाजाराने नंतर लावलं.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि १९७७ची आठवण यावी असा गलका झाला. त्याच दिवशी संघटनेच्याच दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजच्या वापराची जुनी मर्यादा, शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम, कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ डबे प्यावे लागतील. संशोधन संस्था धोका संभवतो का एवढंच पाहते, समिती किती मात्रेला किती धोका हे मोजते. डेलनी कलमात जो भेद नव्हता तो इथे होता, पण बातमीत तो कोणी वाचला नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच वर्षी मे महिन्यात आलेली संघटनेची सूचना. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेच्या गोडीवर विसंबू नका, असं ती सांगते. लांब पल्ल्याच्या अभ्यासांत तिच्याने चरबी कमी झालेली दिसली नाही, उलट सतत वापरणाऱ्यांत टाइप-२ मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळले. या अभ्यासांनी कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण वजन वाढलेली माणसंच डाएट पेयांकडे वळतात. म्हणून संघटनेने ती सूचना सशर्त ठेवली आहे आणि आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू केलेली नाही. तरी शंभर वर्षांच्या भांडणात जो प्रश्न कोणी धसाला लावला नाही तो यात आहे: याचा उपयोग काय? कर्करोग होतो का, या एकाच प्रश्नाने सगळी चर्चा व्यापली. त्याचं उत्तर नकारार्थी येताच पदार्थ हितकारक आहे असं गृहीत धरलं गेलं.

आपल्याकडे सॅकरीन स्वस्त सरबतांत आणि बर्फाच्या गोळ्यांत साखर वाचवायला येतं, कायद्याने पान मसाला आणि सुपारीतही चालतं, आणि डाएट पेयं जिममधून शाळेच्या डब्यापर्यंत पोचली आहेत. शर्मन यांचा मक्याचा डबा आणि आपला गोळा यांत फरक नाही: खाणाऱ्याला माहीत नसतं. मधुमेहींनी डॉक्टरांच्या सल्ल्याने यातली गोडी घेतली तर घाबरण्यासारखा पुरावा आज नाही. मुलांचं मात्र वेगळं आहे. आपल्या नियमांनी कृत्रिम गोडीच्या पाकिटांवर 'मुलांसाठी शिफारस नाही' अशी ओळ छापायला लावली, ती बारीक अक्षरांत मागच्या बाजूला असते. डबा विकत घेताना तो एकदा उलटा करून वाचा, आणि घरातल्या लहानांच्या हातात देऊ नका.